तिसाव्या दिवशी ठरणारा पळपुटा

ऑगस्ट २००४ मध्ये दोन भारतीय जवान पाकिस्तानातून परत आले. १९९९ मध्ये, कारगिलच्या काळात, ते नाहीसे झाले होते. मधली वर्षे त्यांनी कैदेत काढली, आणि इकडे आपल्या सैन्याच्या दप्तरात त्यांची नोंद ‘डेझर्टर’, म्हणजे सैन्यातून पळालेले, अशी झाली होती. त्यांतला मेरठ जिल्ह्यातला जवान घरी पोहोचला तेव्हा त्याच्या पत्नीचे दुसरे लग्न झालेले होते. ती आता कुणाकडे नांदणार याची पंचायत दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत भरवली गेली आणि देशाने ती चवीने पाहिली. त्याला पळपुटा म्हणणारी नोंद मुळात झाली कशी, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

ती कशी होते हे कायद्यातच लिहिलेले आहे. सैन्य अधिनियम १९५० चे कलम १०६ सांगते की कुणी परवानगीशिवाय तीस दिवस गैरहजर राहिला तर चौकशी न्यायालय, म्हणजे जवानांच्या बोलण्यातले ‘सीओआय’, बसवावे. ते दोन गोष्टी जाहीर करते: माणूस कधीपासून गैरहजर आहे, आणि त्याच्या ताब्यातल्या सरकारी सामानातले काय कमी आहे. कमांडिंग ऑफिसर ही नोंद कोर्ट-मार्शल बुकात करतो. त्यानंतर तो माणूस स्वतःहून आला नाही किंवा सापडला नाही, तर या कायद्यापुरता तो पळालेला ‘मानला जातो’. त्याने पळून जायचे ठरवले होते का, हा प्रश्न या पायरीवर कुणी कुणाला विचारणे बंधनकारक नाही.

प्रत्यक्षात हे असे घडते. हजेरीला माणूस नसला, किंवा रजा संपूनही आला नाही (याला युनिटमध्ये ‘ओएसएल’ म्हणतात), की आधी घरी फोन जातो. मग त्याच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे ‘अ‍ॅप्रिहेन्शन रोल’ जातो. त्यात सैन्य क्रमांक, वडिलांचे नाव, गाव, पोलीस ठाणे, उंची, अंगावरच्या खुणा असे सगळे असते. कलम १०५ नुसार पोलीस त्याला वॉरंटशिवाय धरू शकतात. दरम्यान पगार थांबलेला असतो, कारण गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचे वेतन कापण्याची तरतूद कायद्यात आहे. तीस दिवस भरले की सीओआय बसते, बराकीतली पेटी उघडली जाते, बूट, ब्लँकेट, कोट मोजले जातात. पुढे ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे जवानाच्या नोंदीतला बदल कळवणारा आदेश, निघते आणि रेकॉर्ड ऑफिसच्या कागदावर तो माणूस डेझर्टर होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल तर ही नोंद बेळगावात होते आणि कॉन्स्टेबल साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या वाडीत जाऊन दार वाजवतो. गावाला नुसती गैरहजेरी आणि कलम ३८ मधले पलायन यांतला फरक ठाऊक असण्याचे कारण नाही. ‘फौजेतून पळाला’ एवढेच गावात राहते.

फरक तर मोठा आहे. कलम ३९ मधली विनापरवानगी गैरहजेरी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कलम ३८ मधले पलायन एरवी सात वर्षांपर्यंतचा, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’वर, म्हणजे युद्ध किंवा मोहिमेच्या सेवेवर, असताना किंवा तिकडे जाण्याचा हुकूम झालेला असताना केले तर मृत्युदंडापर्यंतचा. या दोन्हींना वेगळे करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हेतू. परत यायचेच नाही, किंवा समोर आलेली विशिष्ट जोखमीची ड्यूटी चुकवायची, असे मनात होते का? सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ मध्ये एका कॅप्टनच्या प्रकरणात प्रत्येक गैरहजेरी म्हणजे पलायन नव्हे, हेतू दिसला पाहिजे, असेच धरले.

आणि हेतू शोधता येतो. चौकशी करणाऱ्याला नीट काम करायचे असेल तर कुठे पाहायचे ते कुठल्याही मुरलेल्या सुभेदाराला माहीत असते. वर्दी टाकून साधे कपडे घातले होते का? ओळखपत्र नेले की मागे ठेवले? खात्यातले पैसे एकदम काढले का? तिकीट कुठले काढले, घरचे की भलतीकडचे? दुसऱ्या नावाने कुठे नोकरी धरली का? शस्त्र बरोबर नेले का? पकडून आणावे लागले की जवळच्या छावणीत स्वतः येऊन उभा राहिला? यातला एकेक मुद्दा तपासायला दोन दिवस पुरतात. तीस दिवसांच्या आकड्यावर भिस्त ठेवली जाते ती दुसरे साधन नाही म्हणून नव्हे. आकडा सोयीचा आहे, इतकेच.

शांततेच्या काळात हा आकडा फारसा अन्याय करत नाही, हे मान्य करायला हवे. जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस किरकोळ रजा असते. ती संपल्यावर महिनाभर माणूस आला नाही, तर घरी जमिनीचा तंटा, बायकोचे आजारपण किंवा नुसतीच नको वाटणारी नोकरी असे काहीतरी असते, आणि तो आहे कुठे हे निदान घरच्यांना माहीत असते. आजारी असेल तर लष्करी रुग्णालयात किंवा जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला कळवायची सोय असते. अशा वेळी महिन्याभराचे मौन काहीतरी सांगते.

युद्धात ते काहीच सांगत नाही. रात्रीच्या गस्तीवर गेलेला माणूस परत आला नाही, तर तो मेलेला असू शकतो, हिमस्खलनाखाली असू शकतो, दरीत असू शकतो, बेशुद्धावस्थेत दुसऱ्याच ब्रिगेडच्या रुग्णालयात असू शकतो, शत्रूच्या ताब्यात असू शकतो, आणि हो, पळालेलाही असू शकतो. म्हणजे गैरहजेरी हा पुरावा जिथे सर्वांत कच्चा, तिथेच शिक्षा सर्वांत भारी, आणि मुदत मात्र तीच तीस दिवस. सगळा आक्षेप या एका उलट्या गणितावर आहे. कायदा करणाऱ्यांनी शिक्षेसाठी युद्ध आणि शांतता असा भेद केला, चौकशीसाठी केला नाही.

त्यातही कुणाची बातमी लागते हे नशिबावर जाते. कारगिलमध्ये २७ मे १९९९ रोजी पाडाव झालेल्या फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांचे विमान कोसळले होते, जगाला कळले होते. ३ जून रोजी ते रेड क्रॉसच्या हवाली झाले. कॅप्टन सौरभ कालिया यांची सहा जणांची गस्त १५ मे रोजी गेली ती परतली नाही. ९ जून रोजी छळाच्या खुणा असलेले मृतदेह पाकिस्तानने परत केले. सबंध तुकडीच नाहीशी झाली तर पलायनाचा संशय सहसा कुणी घेत नाही. एकटा जवान नाहीसा झाला, साक्षीदार नाही, अवशेष नाहीत, समोरचा देश काही बोलत नाही, की संशय त्याच्याकडे वळतो. तो खरोखर कैदेत असेल तर स्वतःची बाजू मांडायला येऊच शकत नाही. चौकशीत कुणाच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर ठपका येणार असेल तर त्याला हजर राहून बोलण्याची पूर्ण संधी द्यावी, असे आर्मी रूल १८० म्हणतो. त्याच नियमाच्या पहिल्या ओळीत अद्याप न परतलेल्या युद्धकैद्याचा अपवाद आहे. तो अपवाद चौकशी खोळंबू नये म्हणून असेल, पण त्याने जिथे राखण हवी नेमके तिथेच कुंपण मोडले आहे.

सैन्याला हे नीट करता येत नाही असे नाही. जानेवारी २०२० मध्ये गुलमर्गच्या बाजूला ताबारेषेजवळ एक हवालदार बर्फात घसरून नाहीसा झाला. त्याची नोंद पळपुटा म्हणून झाली नाही. काही महिन्यांनी त्याला कर्तव्यावर मृत्यू आलेला जाहीर केले गेले, आणि ऑगस्टमध्ये बर्फ वितळल्यावर मृतदेह सापडला. मृतदेह दाखवल्याशिवाय मृत मानायला घरच्यांनी नकार दिला होता, तेही समजण्यासारखे होते. इथे तो कसा घसरला याची कल्पना युनिटला होती, म्हणून नोंद बरोबर झाली. कल्पना नसेल तेव्हा काय लिहायचे, यासाठी ‘बेपत्ता’ ही श्रेणी आहेच. ती वापरायचा आळस महागात पडतो.

तो किती महाग पडतो ते पाहा. कागदावर ‘बेपत्ता’ असलेल्या जवानाच्या घराला कुटुंब निवृत्तिवेतनाची वाट असते. युद्धकैद्याच्या पगारातून त्याच्या आश्रितांची सोय करण्याची तरतूद याच सैन्य अधिनियमात आहे. ‘डेझर्टर’च्या घराला यातले काही नाही. शांतता क्षेत्रातून गेलेल्याला तीन वर्षांनी, तर अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवरून किंवा शस्त्रासह गेलेल्याला दहा वर्षांनी कलम २० खाली बडतर्फ करण्याची पद्धत आहे, आणि बडतर्फाला निवृत्तिवेतन नाही. पुरावा कायद्यात सात वर्षे खबर नसलेला माणूस मेला असे गृहीत धरता येते. सैन्याच्या कागदावर तो दहा वर्षे जिवंत आणि फरार असू शकतो. बायको दिवाणी न्यायालयात विधवा आणि रेकॉर्ड ऑफिसात पळपुट्याची बायको, अशी स्थिती कायदा बिनदिक्कत होऊ देतो. भारतीय न्याय संहितेचे कलम १६४ पळालेल्या सैनिकाला आसरा देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. त्यातून पती किंवा पत्नी वगळलेली आहे. आई वगळलेली नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. इन्फन्ट्रीच्या सेक्शनमध्ये दहा माणसे. चौकीवर रात्रीची संतरी ड्यूटी दोन-दोन तासांची. एक माणूस गेला की उरलेल्यांची झोप जाते, आणि झोप गेलेला संतरी सगळ्यांनाच महागात पडतो. पळालेल्याला परवलीचा शब्द, गस्तीची वेळ, सुरुंग पेरलेली पट्टी, रेडिओची फ्रिक्वेन्सी माहीत असते. ते सगळे त्याच रात्री बदलावे लागते. त्याच्याबरोबर रायफल गेली तर शोध घ्यायला पाठवलेल्या जवानांच्या जिवावर बेतते. पळून जाणे हा मागे राहिलेल्यांशी केलेला दगा आहे, आणि तो करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण हा सगळा युक्तिवाद खऱ्या पळपुट्याविरुद्ध आहे. पळपुटा कोण, हे घाईने ठरवण्याच्या बाजूने त्यातले एकही वाक्य नाही. परवलीचा शब्द त्याच रात्री बदलाच; त्यासाठी तिसाव्या दिवशीच्या शिक्क्याची गरज नसते.

मग काय करावे? कार्यक्षेत्रातून, गस्तीवरून किंवा ताबारेषेच्या परिसरातून नाहीशा झालेल्या माणसाबाबत कलम १०६ ची चौकशी तीस दिवसांनी जरूर बसावी, पण तिने फक्त गैरहजेरी आणि सामानाची तूट नोंदवावी. ‘पळालेला’ ठरवायला हेतूचा निदान एक ठोस पुरावा, वर सांगितलेल्यांपैकी कुठलाही, लेखी असावा. तो नसेल तर श्रेणी ‘बेपत्ता’. शिवाय शिक्का मारण्याआधी समोरच्या देशाकडे विचारणा झालीच पाहिजे. दोन्ही देशांच्या डीजीएमओंची, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांची, हॉटलाइन आहे, ती दर मंगळवारी चालते. तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैदी छावणीत आल्यापासून आठवड्याभरात त्याचे कार्ड जायला हवे आणि रेड क्रॉसच्या शोधसंस्थेकडे त्याची नोंद व्हायला हवी. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा करार मानलेला आहे. पाकिस्तानने कार्ड पाठवले नाही हा त्यांचा दोष. आपण विचारले नाही तर तो आपला. २००८ च्या कराराप्रमाणे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. पालघरच्या बोटीवरचा खलाशी कुठल्या तुरुंगात आहे ते अशा यादीतून कळू शकते. सैनिक त्या यादीच्या व्याख्येत बसत नाही. त्याच्यासाठी असाच ठरलेल्या तारखेचा व्यवहार मागणे हे परराष्ट्र खात्याचे काम आहे.

खटल्याचेही पाहिले पाहिजे. परत आलेल्या किंवा पकडलेल्या जवानावर पलायनाचा खटला समरी कोर्ट-मार्शलने चालवता येतो. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश असतो, दोन जण नुसते हजर राहतात, वकिलाऐवजी ‘फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड’, म्हणजे आरोपीचा मदतनीस, मिळतो, आणि एक वर्षापर्यंतच्या कैदेसह बडतर्फी होऊ शकते. ज्याच्या युनिटची अब्रू गेली तोच निकाल देतो. रजेवरून उशिरा परतणाऱ्यासाठी हे चालेल. युद्धातल्या पलायनासाठी निदान तीन सदस्यांचे न्यायालय हवे आणि वकील हवा. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ पासून आहे, त्याचे मुंबईत खंडपीठही आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत माणसाची नोकरी आणि वर्षे दोन्ही गेलेली असतात.

उरतो मृत्युदंड. अमेरिकी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात पलायनासाठी २१,००० हून अधिक सैनिकांना शिक्षा दिल्या. ४९ जणांना मृत्युदंड सुनावला. अंमलबजावणी एकाचीच झाली: डेट्रॉइटचा प्रायव्हेट एडी स्लोविक, २८ व्या डिव्हिजनच्या १०९ व्या इन्फन्ट्री रेजिमेंटचा. त्याच्या हेतूबद्दल कसली शंका नव्हती. रायफल कंपनीत राहायला भीती वाटते, मागे कुठेतरी काम द्या, असे त्याने कंपनी कमांडरला सांगितले; नकार मिळाल्यावर तो चालत गेला आणि पळून जात असल्याची कबुली लिहूनच दिली. ती चिठ्ठी फाडून टाकायची तयारी अधिकाऱ्यांनी दाखवली, रेजिमेंट बदलून देऊ म्हणाले. त्याने मानले नाही. तुरुंगात बसणे आघाडीपेक्षा बरे, आणि मृत्युदंड काही कुणाला प्रत्यक्ष देत नाहीत, असा त्याचा हिशोब होता. त्या दिवशीपर्यंत तो बरोबरही होता.

११ नोव्हेंबर १९४४ रोजी नऊ अधिकाऱ्यांनी दोन तासांच्या आत निकाल दिला. त्याच सुमारास त्याची डिव्हिजन ह्युर्टगेनच्या जंगलात हजारोंनी माणसे गमावत होती. सरसेनापती आयझेनहॉवर यांनी शिक्षा कायम केली २३ डिसेंबरला. जर्मनांचा आर्देनमधला हल्ला सुरू होऊन तेव्हा आठवडा झाला होता. ३१ जानेवारी १९४५ रोजी अल्सासमधल्या एका गावी त्याच्याच रेजिमेंटच्या बारा जणांनी गोळ्या झाडल्या. तो लगेच मेला नाही; बंदुका पुन्हा भरल्या जात असताना मेला. वय चोवीस. जरब बसवण्यासाठी हे केले असे म्हणावे, तर त्याचा गाजावाजा झालाच नाही. मृत्युदंडाबद्दल त्याच्या पत्नीलाही कळवले गेले नव्हते. बाकीच्या अठ्ठेचाळीस जणांचा आणि त्याचा गुन्हा एकाच नावाचा. वेगळा होता तो आठवडा. एकाच गुन्ह्यात कोण मरणार हे आघाडीवरच्या हवामानाने ठरत असेल, तर त्याला दंडनीती म्हणता येत नाही.

ब्रिटनने हा धडा आधी घेतला. पहिल्या महायुद्धात तिथल्या कोर्ट-मार्शलांनी ३,०००हून अधिक मृत्युदंड सुनावले, साडेतीनशेच्या आसपास अमलात आणले. त्यांतल्या हॅरी फार या सैनिकाचा खटला वीस मिनिटांत आटोपला होता, आणि तो बॉम्बगोळ्यांच्या धक्क्याने आधी रुग्णालयात राहून आलेला होता. पलायनासाठीचा मृत्युदंड ब्रिटिश संसदेने १९३० मध्येच काढून टाकला. २००६ च्या कायद्याने त्या युद्धातल्या ३०६ जणांना माफी मिळाली. त्या कायद्यात १९११ च्या भारतीय सैन्य अधिनियमाखाली मारलेलेही धरलेले आहेत. हाच १९११ चा अधिनियम आपण १९५० मध्ये पुष्कळसा उचलला आणि ब्रिटिशांनी वीस वर्षे आधी टाकून दिलेली शिक्षा ठेवून दिली. वर १९७७ च्या अधिसूचनेने सैन्यातली प्रत्येक व्यक्ती, ती कुठेही नेमणुकीवर असो, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर मानली गेली. म्हणजे पुण्यातल्या डेपोतला स्वयंपाकी पळाला तरी कागदावर त्याच्यापुढे मृत्युदंड असू शकतो. तो कुणी देणार नाही, हे उत्तर पुरेसे नाही. स्लोविकही तेच समजत होता.

शत्रूसमोर शस्त्र टाकणारा, लढाई चालू असताना आपली चौकी किंवा गस्त सोडणारा, ठाणे लाजिरवाण्या रीतीने शत्रूच्या हाती देणारा, पकडला गेल्यावर स्वखुशीने शत्रूची चाकरी करणारा, या सगळ्यांसाठी मृत्युदंड कलम ३४ मध्ये आहेच, आणि त्यातली प्रत्येक कृती साक्षीदाराला डोळ्यांनी पाहता येते. कलम ३८ मधून तो काढला तर यातला कुणी सुटत नाही. त्या कलमात युद्धातल्या पलायनासाठी चौदा वर्षांची कैद ठेवावी, कलम १०६ मधले ‘मानला जाईल’ हे शब्द कार्यक्षेत्रातल्या बेपत्ता माणसाला लागू होणार नाहीत असे एक परंतुक घालावे, आणि न्याय संहितेच्या कलम १६४ मधल्या अपवादात पती-पत्नीशेजारी आई-वडील लिहावेत.